दुःखाला वन्समोर

रात्रीचे पावणेदोन. हेडफोनमध्ये आधी गाणं येत नाही, खरखर येते. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. जुन्या तबकडीवर सुई फिरते आहे आणि कुण्या हौशी माणसानं तो आवाज तुमच्या मोबाइलपर्यंत आणून ठेवला आहे. खरखरीतून ऑर्गन वर येतो आणि त्याच्या मागून बालगंधर्व. ‘एकच प्याला’तलं सिंधूचं पद. तीन-सव्वातीन मिनिटांत संपतं. तुम्ही परत लावता. संपतं. परत लावता.

आजीला जाऊन अडीच महिने झाले. तेव्हा तुम्हाला रडू आलं नव्हतं. डॉक्टरांचा दाखला, स्मशानाचा पास, गावाकडच्यांना फोन, आलेल्यांना चहा, कोणाला साखरेचा, कोणाला बिनसाखरेचा. तेरावं झालं आणि सोमवारी ऑफिस. आणि आता एका नाटकातल्या बाईसाठी घसा दाटून येतो आहे. तिचा नवरा खोटा, मूल खोटं, लुगड्यावरची ठिगळंसुद्धा मुद्दाम शिवून घेतलेली. तुम्हाला स्वतःचाच जरा राग येतो. आजीसाठी नाही आणि हिच्यासाठी?

सातव्या खेपेला खरखर लांबते. गाणं येतच नाही. खरखरीत आता खोकले ऐकू येतात, खुर्च्यांची कुरकुर, कुणीतरी पान जुळवताना वाजवलेला अडकित्ता. मग अत्तराचा वास येतो, आणि वास काही हेडफोनमधून येत नाही. डोळे उघडा.

बडोदं. 20 फेब्रुवारी 1919. तुम्ही पिटात बसला आहात, दोन्ही बाजूंचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागले आहेत आणि पडदा अजून पडलेला आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या नव्या नाटकाचा आज पहिला प्रयोग. नाव ‘एकच प्याला’. या गर्दीत त्याचा शेवट ठाऊक असलेले प्रेक्षक फक्त तुम्ही.

डावीकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. पागोटं मांडीवर, उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलेलं. तुमच्याकडे बघून म्हणतात, “पुण्याहून का?”

“हो.”

“गडकरी राहिले असते आणखी महिनाभर, तर आज इथंच बसले असते.”

राम गणेश गडकरी 23 जानेवारीला गेले, नागपूरजवळ सावनेरला. आज 28 दिवस झाले. वयाची चौतिशीही त्यांनी गाठली नव्हती. नाटक लिहून ठेवलं, पण त्यातली पदं त्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहून दिली आहेत. चाली पुण्याच्या सुंदराबाईंच्या. बैठकीत लावणी-गझल गाणाऱ्या या बाईंच्या गळ्यातून त्या आल्या आहेत. म्हणजे आज रात्री एका सोशिक गृहिणीनं जे अश्रू ढाळायचे आहेत त्यांची चाल बैठकीतून आली आहे, आणि घरंदाज बायका ते ऐकून पदर डोळ्यांना लावणार आहेत. त्या काळात या दोन घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं. चालीला कोणी अडवलं नाही.

आणि ते सगळं ज्याच्या गळ्यातून यायचं आहे तो तीस वर्षांचा पुरुष, नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. याच माणसानं आठ वर्षांपूर्वी, 12 मार्च 1911 ला, मुंबईत ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाला भामिनी उभी केली होती. त्याच दिवशी त्याची तान्ही मुलगी गेली होती. लोकांनी समजूत काढली, प्रयोग पुढे ढकलू म्हणाले, पण हा तोंडाला रंग लावून लाडिक, मानी भामिनी गायला. त्या रात्री दुःख त्याचं होतं आणि गाणी सुखाची. आज नेमकं उलट आहे.

नांदी होते. पडदा वर जातो.

पहिले दोन अंक तुम्ही जरा अस्वस्थपणे पाहता. इतर लोक हसताहेत, तळीरामाच्या प्रत्येक वाक्याला हशा आहे आणि हशा खराच आहे. गडकऱ्यांची विनोदाची बैठक अशी की दारूबाजांच्या मंडळासारखी जागासुद्धा तुम्हाला जत्रेसारखी वाटावी. सिंधूचा नवरा सुधाकर म्हणजे गणपतराव बोडस. हुशार वकील, मानी माणूस, कोर्टातल्या अपमानानं पेटतो, सनद जाते. तळीराम जवळ येतो. एकच प्याला. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं की घेऊ नकोस. शेवट ठाऊक असून काहीच उपयोग होत नाही, हे तुमच्या लक्षात येतं; उलट त्रास जास्त होतो.

मग दिवस पालटतात आणि सिंधू येते ती तशी येते.

ज्या नटाच्या शालूंची नक्कल पुण्या-मुंबईच्या बायका करतात, तो ठिगळं लावलेलं लुगडं नेसून उभा आहे. अंगावर दागिना नाही. पुढ्यात जातं आहे, बाजूला मूल आहे. वाड्यात वाढलेली ही बाई आता चार घरांचं दळण दळून पोट भरते. नाट्यगृहात आधी कुजबुज उठते, आणि मग ती कुजबुज कोणी गप्प न करताच गप्प होते.

पद कुठे सुरू झालं ते तुम्हाला कळत नाही. ती बोलत असते. बोलता बोलता एका वाक्याचं शेपूट जरा लांबतं, त्या लांबलेल्या स्वराखाली ऑर्गन हळूच येऊन उभा राहतो, तबल्याचा ठेका लागतो, आणि तुम्ही आत असता. माणूस खरोखर दुःखात असला की आवाज खाली येतो, बोलणं मंदावतं, स्वरांचे चढउतार लहान होतात. सिंधूचं पद हे सगळं उसनं घेतं. सूर वरून खाली येतो तेव्हा पायऱ्या उतरत नाही, घसरत येतो. पण एक गोष्ट मात्र ते दुःखाकडून घेत नाही. खरं रडणारा माणूस बोलू लागला की त्याचा आवाज मध्येच तुटतो. तुम्ही तो तुटण्याची वाट बघत बसता. आत्ता तुटेल, या ओळीला नक्की तुटेल. तो तिथपर्यंत जातो, काठावर एक बारीक हरकत घेतो आणि अलगद समेवर येऊन बसतो.

ते सहन होत नाही. तुटला असता तर बरं झालं असतं, आपण मोकळे झालो असतो.

क्षणभर शांतता. आणि मग तुमच्या डाव्या कानाजवळ, पागोटं मांडीवर ठेवलेले ते गृहस्थ फुटल्यासारखे ओरडतात, “वन्समोर!”

मागून दुसरा आवाज. मग दहा. मग सगळं नाट्यगृह.

जरा विचार करा, काय मागताहेत ही माणसं? एक उपाशी बाई नुकतीच आपलं दुःख सांगून थांबली आहे आणि हजारभर माणसं तिला म्हणताहेत, परत सांग. शेजारघरची बाई अशी रडत असती तर यांच्यातला कोणी “पुन्हा एकदा रडा” म्हणाला असता का? खऱ्या रडण्यापासून आपण लवकरात लवकर पळ काढतो. पाठीवर हात ठेवतो, ‘असं करू नये’ म्हणतो, पाणी आणून देतो, तेही पुष्कळदा आपल्याला तिथून उठता यावं म्हणून. बालगंधर्व मात्र विंगेकडे वळलेले पाय परत फिरवतात, ऑर्गनवाल्याकडे बघतात, आणि सिंधू पुन्हा तेच दुःख पहिल्यापासून करू लागते. दुसऱ्या खेपेला एक जागा निराळी घेते. गृहस्थ ‘अहाहा’ म्हणतात. गालावरून पाणी वाहतं आहे आणि तोंडावर चक्क हसू आहे.

अंक संपल्यावर ते उपरण्यानं तोंड पुसतात, डबीतून तुम्हाला पान देतात.

“घरचं कोणी आठवलं का?” तुम्ही विचारून जाता. विचारायला नको होतं.

“आश्विनात सून गेली. मागोमाग धाकटा मुलगा. मानमोडी.” ते चुना लावत बोलतात. “आमच्या आळीत घर सुटलं नाही.”

1918 च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट मुंबई इलाख्यावरून अशी फिरली की हिंदुस्थानातल्या मृत्यूंचा सरकारी अंदाजच सव्वा कोटीच्या आसपास निघाला. पुढच्या अभ्यासकांनी तो आणखी वर नेला. मरणारे बहुतेक ऐन उमेदीतले. त्याला पाच महिनेही झालेले नाहीत. या नाट्यगृहात घरात एकही जागा रिकामी न झालेला माणूस शोधावा लागेल.

“तेव्हा रडलो नाही हो,” ते म्हणतात. “वेळ कुठं होता? एकाला पोचवून यावं तर दुसरा तापानं फणफणलेला. लाकडं मिळेनात. लाकडाच्या मागं हिंडण्यात दोन दिवस गेले.” पान तोंडात ठेवतात. “आज ही बया रडवतेय.”

तुम्हाला आठवतं: साखरेचा, बिनसाखरेचा.

आणि तिथेच, पान चघळता चघळता, तुमच्या मनात हिशेब सुरू होतो. हे जे दुःख आत्ता गायलं गेलं ते कोणाचं? लिहिणारा महिन्यापूर्वी गेला. शब्द गुर्जरांचे. चाल सुंदराबाईंची. गळा एका पुरुषाचा. आणि जिच्या नावानं ते गायलं गेलं ती सिंधू तर कधी नव्हतीच. या दुःखाला मालक नाही. म्हणून तर या गृहस्थांना त्यात पाय टाकता आला. सुनेच्या दुःखाला मालक होता, ते स्वतः. आणि त्या मालकाला लाकडं शोधायची होती. बेवारशी दुःखात मात्र कोणीही शिरावं, हवं तितका वेळ बसावं, कोणी हिशेब मागत नाही.

शेवटच्या अंकाबद्दल फार सांगत नाही. नशेतल्या सुधाकरच्या हातून घडायचं ते घडतं. मरणाच्या दारातली सिंधू फौजदारासमोर खोटं बोलून नवऱ्याला वाचवते, आणि बायकांच्या बाजूनं हुंदके येतात. तुम्हाला संताप येतो. तो योग्यच आहे; पातिव्रत्याच्या या कौतुकानं किती घरांतल्या किती सिंधूंना गप्प बसवलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण खरं सांगा, मघाचं पद चालू असताना हा संताप कुठे होता? तुमचं मत जागच्या जागी होतं आणि गाणं त्याच्या खालून निघून गेलं. दुःखी गाण्यांची ही एक गोष्ट मला नेहमी थोडी भीतीदायक वाटत आली आहे. ती परवानगी विचारत नाहीत.

नाटक सुटतं तेव्हा पहाट व्हायला आली आहे. गार वारा सुटला आहे. गर्दी पांगते, गृहस्थ “येतो” म्हणून दिसेनासे होतात. मराठी वस्तीतल्या एका बोळातून तुम्ही चालू लागता आणि मागे नाटक अजून चालूच आहे असं वाटतं, कारण जात्याची घरघर येते आहे. पण ही खरी आहे. नाटक सुटायची वेळ आणि दळणाला बसायची वेळ एकच.

एका बंद दाराआड कोणीतरी बाई दळते आहे आणि ओवी म्हणते आहे. ऑर्गन नाही, तबला नाही, सूरही धड एका जागी नाही. जात्याचा फेरा हाच ताल. खुंटा जवळ आला की आवाज ओढला जातो, लांब गेला की शब्द सुटतात. आईबापाच्या घराचं काही, भावाचं काही. सासू उठायच्या आत जे बोलायचं ते इथेच बोलून घ्यायचं. जातं कुठे सांगत नाही. ऐकणारं कोणी नाही, म्हणून वन्समोर नाही. आणि तरी नीट ऐका, ओवी तिची एकटीची नाही. ती तिला आईकडून, आत्याकडून, कोण्या शेजारणीकडून मिळाली आहे. हिनं फक्त भावाचं नाव बदललं आहे. शंभर बायकांनी वापरून गुळगुळीत झालेलं दुःख आणि त्यात हिचा भाऊ.

पुढे कितीतरी वर्षांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ गावोगाव हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा करतील. तोवर पिठाच्या गिरण्या आलेल्या असतील, जाती कोपऱ्यात उभी केलेली असतील. पण बायकांना ओव्या आठवत असतील, आणि म्हणताना पुष्कळ जणींचा हात आपोआप गोल फिरू लागेल.

बोळ वळला की 1921 आहे. शहर तेच.

साहित्य संमेलनाचा मंडप. फेटे, पगड्या, उपरणी, अध्यक्षांसमोर फुलं. अध्यक्ष ‘केसरी’चे नरसिंह चिंतामण केळकर. संमेलनातल्या भाषणांबद्दल तुमचं मत काही फार चांगलं नाही आणि पहिली दहा मिनिटं ते बदलायचं कारणही मिळत नाही. मग केळकर वाङ्मयाच्या आनंदाकडे वळतात आणि तुम्ही खुर्चीत सरळ होता. ते म्हणतात ते थोडक्यात असं: वाचणारा, पाहणारा माणूस दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तिच्याशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत ही जाणीवही सोडत नाही. या दुहेरी अवस्थेला त्यांनी नाव दिलं आहे ‘सविकल्प समाधी’. आनंद त्या दुहेरीपणात आहे.

पुढची कित्येक वर्षं मराठी टीकाकार या शब्दावरून भांडणार आहेत. तुमच्या डोळ्यांपुढे मात्र गालावर पाणी आणि तोंडावर हसू असलेले ते गृहस्थ उभे आहेत. याच शहरात, दोन वर्षांपूर्वी, तोंडात पान असताना त्यांनी ती समाधी लावून दाखवली होती. भाषण त्यांनी ऐकलं का, कोण जाणे.

आणखी थोडं पुढे चला, 1926. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं 1916 पासून निघणाऱ्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला 36 वा ग्रंथ छापून झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड, सोबत काश्मिरी आचार्य अभिनवगुप्तांची टीका. संपादक रामकृष्ण कवी हस्तलिखितांच्या अवस्थेनं इतके टेकीला आलेले की त्यांच्या एका विद्वान मित्राचं म्हणणं त्यांना पटलं होतं: खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून खाली आले असते तरी त्यांना आपला मूळ पाठ सहजी जुळवता आला नसता. नवी कोरी पानं सुरीनं कापत तुम्ही उलटता. रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक असं की पाहणारा आपल्याच सुखदुःखात बुडालेला असतो; आपल्या घरचं ओझं घेऊन आलेल्याला दुसऱ्याचं काही दिसतच नाही. आणि त्यावर उपाय दिला आहे तो वाद्यांचा, गाण्याचा, सजवलेल्या मंडपाचा.

हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसलेल्या माणसानं बडोद्याच्या पिटातल्या त्या माणसाचं वर्णन करून ठेवलं होतं. फक्त घडलं ते त्यांनी म्हटल्यापेक्षा थोडं पुढचं. गाण्यानं गृहस्थांचं ओझं बाजूला काढून ठेवलं, हे खरंच. पण बाजूला काढून ठेवलं म्हणूनच ते त्यांना पहिल्यांदा नीट दिसलं. खांद्यावरचं ओझं दिसत नसतं. ही पुरवणी माझी, शास्त्रात शोधू नका.

सुरी खाली ठेवता आणि खरखर परत सुरू होते. मोहरी. अंधार. मोबाइलच्या उजेडात तुमचा अंगठा. चार वाजत आले आहेत.

झोप येत नाही म्हणून तुम्ही हल्लीचं काय म्हणणं आहे ते चाळता. दुःखी संगीत ऐकताना काय वाटतं हे 2014 च्या एका पाहणीत 772 जणांना विचारलं होतं. सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेलेली भावना दुःख नव्हतीच, गेलेल्या दिवसांची ओढ होती. डेव्हिड ह्यूरन नावाच्या संगीत-अभ्यासकानं 2011 मध्ये आणखी एक अंदाज मांडला होता. खऱ्या दुःखात सांत्वनासाठी शरीर प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सोडत असावं. गाणं शरीराला फसवतं, सांत्वन येऊन पोचतं आणि दुःख तर घडलेलंच नसतं. अंदाज सुरेख आहे. पण तो पिटातल्या गृहस्थांना सांगावा असं वाटत नाही. त्यांचं घडलं होतं.

बाहेरच्या खोलीत दिवा लागतो. आई. पाणी प्यायला उठली असेल, किंवा झोपलीच नसेल. अडीच महिने तुम्ही दोघांनी एकमेकांना हे विचारलेलं नाही. तुमच्या दाराशी येऊन थांबते.

“झोप येत नाही का रे?”

“गाणं ऐकतोय.”

“कुठलं?”

तुम्ही हेडफोनची वायर काढता. खरखर खोलीत मोकळी होते. ऑर्गन, मग तो आवाज. आई चौकटीला टेकून उभी राहते. आजी दुपारी तांदूळ निवडताना हेच गुणगुणायची हे तुम्हाला या क्षणापर्यंत आठवलेलं नव्हतं, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून ते आठवतं. आवाज काठापर्यंत जातो, बारीक हरकत घेतो, समेवर येतो. सुई तबकडीच्या शेवटच्या चरांत घुटमळते आणि बंद पडते.

आई पलंगाच्या कडेला बसते, पदराचं टोक बोटाला गुंडाळते.

“परत लाव,” ती म्हणते.